अंगावर पाण्याचे फोड: कशाने आले, काय केलंत? अनुभव सांगा

सुरुवात माझ्यापासून करते. गेल्या आषाढीला पहिल्यांदाच माउलींच्या पालखीबरोबर चालले. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, त्यात पावसाने मोजे ओलेचिंब. दिवेघाट चढून मुक्कामी पोचले तर दोन्ही टाचांना सुपारीएवढे फोड. घासून घासून वरची कातडी सुटते आणि मधे पाणी भरतं. मी सुई घेऊनच बसले होते, पण दिंडीतल्या डॉक्टरताईंनी हात धरला. वरची कातडी हीच मलमपट्टी, म्हणाल्या. फोड तसाच ठेवून सैल पट्टी बांधली, चार दिवसांत जिरला. तुमच्याकडे काय घडलं तेही लिहा.

*

आमच्याकडे बिब्बा उतला होता! मामीने कुरुपावर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल लावलं आणि तोच हात कपाळाला पुसला. दुसऱ्या दिवशी पायापेक्षा तोंडच जास्त सुजलेलं. पापण्या मिटलेल्या, कपाळावर मोहरीसारखे बारीक फोड, त्यातून पाणी झिरपतंय. आजी खोबरं चोळत होती. शेवटी डॉक्टरांच्या गोळ्यांनीच उतरलं. घरगुती औषध म्हणून बिब्बा हाताळणाऱ्यांनो, कृपा करून जपा.

*

काजूचंही तेच. ओले गर सोलताना सालीचा चीक लागून आमच्या बायकांच्या बोटांची सालं निघतात. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. सोलण्याआधी हाताला खोबरेल चोपडायचं.

*

पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली झोपले होते. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून चिरडलं. सकाळी तिथे चटका दिल्यासारखा लाल पट्टा, त्यावर फोड. मला नागीणच वाटली. तो काळा-केशरी किडा चावत नाही, चिरडल्यावर त्याच्या अंगातलं विष भाजतं. फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

*

खरी नागीण आम्ही पाहिली. बाबा ६८ वर्षांचे. तीन दिवस उजव्या बरगडीत आग होत होती, मग फोडांचा घोसच उठला, एकाच बाजूला. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो, तोच हा. शेजारी म्हणाले, वेढा पुरा झाला की माणूस जातो. घाबरून आम्ही गेरू लावून घेतला, मंत्र घालून घेतला. त्यात पाच दिवस गेले. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगल्या लागू पडतात, हे नंतर कळलं. आज आठ महिने झाले. डाग पुसट झालेत, पण बाबांना त्या बरगडीवर सदरा टेकलेला अजून सोसत नाही.