प्रतिसाद: सूट, माफी आणि 'ग्रँडफादर्ड इन'

'सूट मिळणे', 'सुटणे' यासाठीच्या इंग्रजी शब्दांच्या एका यादीत 'एक्झेम्प्ट', 'लेट ऑफ' आणि 'ऑफ द हुक' (अडचणीतून सुटलेला) एकाच ओळीत बसवलेत, पण त्यांची सरसकट अदलाबदल चालत नाही. एक्झेम्प्ट म्हणजे नियमातच दिलेली सवलत, कागदोपत्री. सिग्नल तोडणाऱ्याला हवालदाराने दम देऊन सोडलं तर तो 'लेट ऑफ विथ अ वॉर्निंग'. त्याला एक्झेम्प्ट म्हटलंत तर सिग्नल तोडायचा परवानाच दिल्यासारखं होईल! शुल्क माफ झालं तर 'द फी वॉज वेव्ह्ड'. माफ होतं ते शुल्क, माणूस नव्हे.

यादीत यायचा राहून गेलाय तो 'ग्रँडफादर्ड इन'. नियम बदलला तरी जुन्यांना जुनाच लागू. शेअर-म्युच्युअल फंडवाल्यांना हे ठाऊक असेल: २०१८ च्या बजेटात शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा त्यातून वगळला. तेच ग्रँडफादरिंग.

या शब्दाचं मूळ मात्र ओंगळ आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने १८९८ मध्ये मतदारांवर साक्षरता किंवा मालमत्तेची अट घातली, पण १ जानेवारी १८६७ ला ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या बापाला-आजाला मताधिकार होता, त्याला सूट. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता, म्हणजे सूट कुणाच्या नातवांना ते उघड आहे. ओक्लाहोमा राज्याचं असलंच कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये रद्द केलं. या इतिहासामुळे हल्ली काही जण 'ग्रँडफादर्ड'ऐवजी 'लेगसी' (जुन्या काळापासून चालत आलेलं) म्हणतात. अमेरिकन सहकाऱ्यांशी बोलताना मीही तेच वापरतो.