चार फुटी टाकी घेतोय. मासे कोणते, किती? सल्ला हवा

पाणवेडा (पुणे)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं दोन फुटी टाकीत गप्पी आणि प्लॅटी पाळतोय. पिल्लं वाटून वाटून सोसायटीतली सगळी घरं संपली. आता हॉलमध्ये ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच अशी टाकी करून घ्यायचं डोक्यात आहे. तिसरा मजला, इमारत पंचवीस वर्षांची. पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात अधूनमधून टँकर.

लेकीने (इयत्ता चौथी) दुकानात उभं राहून यादी केली आहे: एंजल ४, निऑन टेट्रा १०, टायगर बार्ब ६, मॉली ६, गोल्डफिश २, रेड टेल शार्क १ आणि काच साफ करायला सकर २. दुकानदार म्हणाला, "सगळं चालतं, टाकी मोठी आहे." मला काही ते पटलं नाही. काय ठेवू, काय काढू?

शेवाळराव

दुकानदाराचं चालतं हो, माशांचं चालत नाही. यादी वाचून गंमत वाटली, कारण माझी पहिली यादी जवळपास हीच होती.

आधी टाकीच. २ फूट उंची कशाला? तळाशी पडलेलं सडकं पान काढायला स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात बुडवावा लागतो, आणि उंची वाढली की काच जाड घ्यावी लागते, खर्च वाढतो. ४×२×१.५ करा, म्हणजे रुंदी २ आणि उंची दीड. पाणी तेवढंच, साधारण ३४० लिटर. मासा आडवा पोहतो, त्याला लांबी-रुंदी उपयोगी पडते. एंजल उंच मासा आहे, पण त्यालाही दीड फूट पुरतं.

आता यादी. एंजल मोठा झाला की निऑन त्याचा खाऊ. रोज सकाळी मोजायचे, एक कमी असतो आणि एंजलचं पोट गोल. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाण प्रचंड करतो. मॉलीला जड, क्षारांचं पाणी मानवतं, टेट्रांना मऊ. शार्क लहानपणी गोड, मोठा झाला की अर्धी टाकी त्याची.

सकरबद्दल हात जोडून सांगतो, घेऊ नका. दुकानात बोटाएवढा असतो, वाढला की फूटभराच्या पुढे जातो आणि काच साफ करायची सोडून स्वतःच ढीगभर विष्ठा करतो. मग लोक काय करतात? नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात हेच सापडतात आणि अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतात. शेवाळ खाणाराच हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या. चार-पाच इंचांवर थांबतो आणि खरंच काम करतो.

वाळूचा_डबा

मी बांधकामातला माणूस, म्हणून वजनाचं बोलतो. ३४० किलो पाणी, १० मिमी काच धरली तर टाकीच ६० किलोची, वाळू-दगड ४०, लोखंडी स्टँड वेगळा. साडेचारशे किलोच्या पुढेमागे. घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान) धरून डिझाइन करतात आणि तुमची टाकी पाऊण चौरस मीटरसुद्धा व्यापत नाही. याचा अर्थ स्लॅब लगेच खाली येईल असा नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण खोलीच्या मधोमध नको. खाली बीम असेल त्या भिंतीला चिकटून ठेवा. पंचवीस वर्षांच्या इमारतीत स्लॅबला गळती किंवा तडे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणि लेव्हल! गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब मागून आणा. पाणी भरल्यावर एका बाजूला बोटभर कमी दिसलं तर ते नुसतं डोळ्याला खुपत नाही, सिलिकॉनच्या सांध्यावर ताण येतो. काचेखाली थर्माकोल शीट विसरू नका.

मीनाक्षी_ताई

सगळे माशांचं सांगतायत, कोणी सायकलिंगचं, म्हणजे माशांआधी टाकी तयार करण्याचं, बोलेना. दादा, टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडू नका. विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा पाणी बदलून आटोक्यात राहतो. हे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं आणि थेंबांच्या किटने तपासत राहायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की मासे.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या पंख्यांबरोबर टाकीचाही नंबर लावला. सगळं पाणी काढलं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. सासूबाई म्हणाल्या, किती स्वच्छ दिसतंय. पाडव्याला पहिला मेला, भाऊबीजेपर्यंत अकरा. क्लोरीनच्या पाण्याने सगळे जिवाणू मी धुऊन टाकले होते. आता स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा दाबते, बास. तो मळका दिसलाच पाहिजे.

पाणवेडा

बाप रे, बरं झालं विचारलं. माप बदलतोय, ४×२×१.५. भिंतीखाली बीम आहे, खालच्या मजल्यावरच्या काकांच्या घरी छताला पाहिला होता.

लेकीशी तहाची बोलणी झाली. गोल्डफिश, शार्क, सकर गेले. टायगर बार्बवर थोडं रडणं झालं. एंजलवर ती ठाम आहे. एंजल धरून बाकीचे सांगा. आणि ते "एक इंच मासा, एक गॅलन पाणी" चालतं का? त्या हिशेबाने (गॅलन म्हणजे पावणेचार लिटर) तर माझ्याकडे नव्वद इंच मासे बसतात.

शेवाळराव

तो नियम विसरा. दहा इंची एक मासा आणि एक इंची दहा निऑन यांची घाण सारखी कशी होईल? पूर्ण वाढीचं माप, वागणूक आणि फिल्टर किती पेलतो, हे बघा.

माझा हिशेब असा: जाती कमी, संख्या जास्त. सहा जातींचे दोन-दोन मासे म्हणजे एसटी स्टँड; सगळे भेदरून कोपऱ्यात. एका जातीचे वीस सोडा, थवा करून फिरतात, टाकी भरलेली दिसते.

एंजल लहानच घ्या, नाण्याएवढे, पाच. सहा-आठ महिन्यांत जोडी जमली की ती जोडी बाकीच्यांना एका टोकाला हाकलते. तेव्हा उरलेले तिघे परत द्यायची सोय दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. त्यांच्याबरोबर निऑन नको, जरा मोठा टेट्रा हवा. लेमन टेट्रा १५ किंवा रमीनोज २०, दोन्ही एकत्र नको. तळाला कोरीडोरास (कोरी) ८, तेही एकाच जातीचे. ब्रिसलनोज एक. संपली यादी. बहुतेकांना ती कमी वाटते, मला पहिले दोन महिने वाटली होती.

आधी टेट्रा, मग दोन आठवड्यांनी कोरी, एंजल सगळ्यात शेवटी. आधी आले तर ते मालक होतात.

सदा_उघडा_नळ

थोडं वेगळं मत. पुण्यात एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. एंजल सोसतो, पण कोरीच्या सगळ्या जाती नाही. ब्राँझ कोरी माझ्याकडे उन्हाळ्यात वर येऊन धापा टाकायचे. स्टेरबाय जातीचे कोरी घ्या, महाग पडतात पण उष्णतेला टिकतात. पाण्यावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, फक्त रोज पाणी घालत बसावं लागतं.

टँकरचं पाणी आलं की टीडीएस (विरघळलेले क्षार) बघाल का? माझ्या घरी नळाचं नव्वदच्या आसपास येतं, टँकर बोअरचा असेल तर सहाशे दाखवतं. अशा दिवशी पाणी बदलू नका, सरळ पुढे ढकला. एरवी आठवड्याला पाव टाकी, म्हणजे तुमच्याकडे पाच-सहा बादल्या. आधी अँटिक्लोरीन घालून. पाठ सांभाळायची असेल तर पाईप घ्या, जुनं पाणी झाडांना.

फिल्टर कॅनिस्टर (टाकीबाहेर बसणारा बंद डब्याचा), तासाला १२०० लिटरचा. आणि एक स्पंज फिल्टर बॅटरीवाल्या एअर पंपावर जोडून ठेवा. वीज चार-पाच तास गेली की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू गुदमरतात. वीज आल्यावर आतलं पाणी आधी बाहेर ओता, मगच सुरू करा.

पाणवेडा

दगड-वाळू? मुळशीकडून काळे दगड आणले तर?

वाळूचा_डबा

बसाल्ट बेलाशक वापरा, पाण्यात काही सोडत नाही. पण आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. झिओलाइट असेल तर काही नाही, कॅल्साइट असेल तर पाणी जड होत जातं. त्या पांढऱ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो दगड कुंडीत. वाळूलाही हीच परीक्षा. वनस्पती अॅन्युबियस आणि जावा फर्न, दोऱ्याने लाकडाला बांधून. कासच्या पठारावरून वायतुरा (तिथली दुर्मीळ पाणवनस्पती) उपटून आणणारा एक महाभाग मला माहीत आहे, तसलं काही करू नका.

पाणवेडा

टाकी आली! लेव्हल ट्यूब लावली तर डावी बाजू ८ मिमी खाली निघाली, फरशीच उतरती आहे. स्टँडखाली पत्र्याच्या पट्ट्या घातल्या. वाळू आठ पाण्यांनी धुतली, तरी पाणी चहासारखं आहे. लेक रोज शाळेतून आली की विचारते, "मासे कधी?" मी म्हणतो सहा आठवडे. तिने कॅलेंडरवर फुल्या मारायला घेतल्यात.

मीनाक्षी_ताई

चहासारखं म्हणजे लाकडाचा रंग असेल, पाणी बदलाल तसा उतरेल. आणि सहा आठवडे नको त्या पोरीला. माझ्या टाकीतला एक जुना, मळका स्पंज देते. तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, काम बरंच लवकर होईल, किट लावून खात्री करा म्हणजे झालं. रविवारी सकाळी या, मी वारज्याला असते. येताना झाकणाचा डबा आणा आणि स्पंज घरी जाईपर्यंत सुकू देऊ नका.