ट्रेसरचा पीआर (कोडमधला बदल) रिव्ह्यूला आलाय, ड्रॉप (गळालेले इव्हेंट) एकदम शून्य. अप्रूव्ह करू का?

घाटकोपर_फास्ट
मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या टीमचा घरचाच एक ट्रेसर आहे, ईबीपीएफवर (कर्नलच्या आतच छोटे प्रोग्राम चालवायची सोय), कुठला प्रोसेस सीपीयू मिळायची वाट बघत किती वेळ ताटकळतो ते शेड_वेकअप (प्रोसेस जागा झाला) आणि शेड_स्विच (सीपीयूवरचा प्रोसेस बदलला) या इव्हेंटवरून काढतो. इव्हेंट कर्नलकडून आपल्या प्रोग्रामपर्यंत बफरमधून येतात, सिनियरने त्यात पर्फ बफर काढून रिंग बफर टाकलाय, बदल छोटाच आहे, आणि सोबत ग्राफ जोडलाय की आधी लोड चढला की इव्हेंट गळायचे, आता गळती शून्य. मला म्हणाला आज अप्रूव्ह कर, उद्या सोडू. कोड दोनदा वाचला, चूक काही दिसली नाही, पण इतकं गुळगुळीत बघून उलट धाकधूक होतेय. मी टीममध्ये येऊन सहाच महिने झालेत. अशा बदलात नेमकं बघायचं काय असतं?

वडापाव_अँड_विम
सिनियरचा आहे ना, मग ठोक एलजीटीएम ("ठीक दिसतंय") आणि पकड सहाची. पाऊस बघ बाहेर कसा लागलाय.

पवई_कर्नलवाला
वरच्याचं ऐकू नकोस गं, उद्या रात्री दोनला फोन तुलाच येईल.
दोन गोष्टी सांग. बफरचा आकार किती ठेवलाय, आणि रिझर्व्हच्या, म्हणजे बफरमध्ये जागा मागायच्या, कॉलनंतरची ओळ काय आहे?

घाटकोपर_फास्ट
मॅक्स_एंट्रीज, म्हणजे आकार, ६४ गुणिले ४०९६ बाइट. आधी ६४ पानं होती, तोच आकडा उचललाय. आणि रिझर्व्हनंतर: इफ (!ई) रिटर्न ०, बस एवढंच. सर्व्हर ६४ कोअरचे आहेत.

पवई_कर्नलवाला
सापडलं बघ, दोन्ही तिथेच आहे.
पर्फ बफर प्रत्येक सीपीयूला वेगळा असतो. ६४ पानं म्हणजे २५६ केबी, गुणिले ६४ कोअर, म्हणजे तुमच्याकडे एकूण १६ एमबी जागा होती. रिंग बफर सगळ्या सीपीयूंना मिळून एकच. आकडा तोच ठेवला म्हणजे १६ एमबीचं काम आता २५६ केबीत चाललंय. मग गळती वाढायला हवी ना? वाढलीच असणार, दिसत नाहीये. पर्फ बफरमध्ये लिबबीपीएफ ही लायब्ररी हरवलेल्या इव्हेंटचा वेगळा कॉलबॅक देतं, तुमचा ग्राफ त्याच्यावर चालत असणार. रिंग बफरला तो कॉलबॅकच नाही. जागा नसली की रिझर्व्ह नल (रिकामा पॉइंटर) देतो आणि तुमचा कोड रिटर्न ० करून गप्प घरी जातो. दादरला डब्यात चढले त्यांचीच मोजदाद होते, फलाटावर राहिले त्यांना कोण विचारतो, तसंच.
त्या इफमध्ये एक काउंटर वाढव, पर-सीपीयू अ‍ॅरे मॅप (प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा) घे म्हणजे कोअर एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत, वाचताना बेरीज कर. आकार वाढवलास तर दोनच्या घातातलाच ठेव आणि पेजच्या पटीत, नाहीतर रिंग बफरचा मॅप बनणारच नाही.
पण पीआर फेकून देऊ नका हां. दिशा बरोबर आहे. वेकअप एका कोअरवर आणि स्विच दुसऱ्यावर झाला की जुन्या पद्धतीत इव्हेंट उलटसुलट यायचे, ते जुळवत बसावं लागायचं, रिंग बफरमध्ये क्रम राहतो.

ऐरोलीची_नाईट_शिफ्ट
यात माझी भर. रिंग बफर कर्नल ५.८ पासून आहे, २०२० सालचं. कोपऱ्यात कुठे उबुंटू २०.०४ मूळ ५.४ कर्नलवर पडलेलं असेल तर ट्रेसर लोडच होणार नाही, जुना रस्ता फॉलबॅक म्हणून ठेवायला सांग. आणि पुढे कधी सायकल सॅम्पलिंगला (सीपीयू कुठे वेळ घालवतो त्याचे नमुने घ्यायला) हेच वापरलंत तर एनएमआयमध्ये (थोपवता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये) रिझर्व्ह लॉकसाठी थांबत नाही, नाही मिळालं की सरळ नल. म्हणजे बफर अर्धा रिकामा असूनही गळती. तेव्हाही तोच काउंटर कामाला येईल.
सिनियरला कमेंट टाकताना "चुकलंय" लिहू नकोस, "रिझर्व्ह फेल झाला तर कुठे मोजतो आपण?" एवढंच विचार. त्याचं त्यालाच कळेल.

घाटकोपर_फास्ट
सगळ्यांना थँक्यू! काल रात्री काउंटर टाकून स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) लोड मारला, तर आकडा टॅक्सीच्या मीटरपेक्षा जोरात पळायला लागला. पवईवाल्या दादांचं वाक्य न् वाक्य खरं निघालं. सकाळी कमेंटमध्ये तो प्रश्नच टाकला, सिनियर दोन मिनिटं गप्प, मग "च्यायला, हो की" म्हणाला आणि ग्राफ स्वतःच डिस्क्रिप्शनमधून काढला. आता १६ एमबीवर टेस्ट लावलीये. २०.०४ची दोन मशीनं निघालीच, ती कुणाच्या नावावर आहेत तेच कोणी सांगत नाहीये, सध्या ते शोधतेय.

वडापाव_अँड_विम
मी काही बोललोच नव्हतो.