डायब्लोचा पुनर्रचित सोर्स कोड स्वतः बिल्ड करण्याबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ता:
नमस्कार. १९९६ सालचा ‘डायब्लो’ हा ब्लिझर्ड कंपनीचा संगणकीय खेळ मी विद्यार्थिदशेत पुष्कळ खेळलो असून त्याची सीडी अजून जपून ठेवली आहे. एक्झी फाइलवरून (म्हणजे तयार प्रोग्रामवरून) पुन्हा लिहून काढलेला त्याचा सोर्स कोड डेबियन या लिनक्स प्रणालीवर स्वतः बिल्ड करावा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करावा, अशी फार इच्छा आहे. ‘डेव्हिल्युशन’ आणि ‘डेव्हिल्युशनएक्स’ यांपैकी कोणता प्रकल्प घ्यावा? डेव्हिल्युशनएक्स मी डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) प्रकारात बिल्ड करून पाहिला, पण खेळ अडखळत चालला आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेल्यावर तर तो सुरूच होईना.

प्रतिसाद १:
दोन्ही प्रकल्पांचे हेतू वेगळे आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिल्युशनचे ध्येय मूळ एक्झीशी बाइट न् बाइट जुळणारी फाइल मिळवणे हे होते, त्यामुळे त्यासाठी त्या काळचा व्हिज्युअल सी प्लस प्लस हाच कंपायलर (कोडचा प्रोग्राम करणारे साधन) लागतो. हे काम शक्य झाले, याचे मोठे श्रेय जपानमधील प्लेस्टेशन आवृत्तीत राहून गेलेल्या सिम्बॉल फाइलला जाते, कारण फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची खरी नावे तिच्यातून मिळाली. एरवी प्रत्येक नाव अंदाजाने द्यावे लागले असते. मला स्वतःला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो आणि कोड वाचताना तो पदोपदी जाणवतो. मात्र आपल्याला लिनक्सवर खेळायचे असेल, तर एसडीएल या अनेक प्रणालींवर चालणाऱ्या लायब्ररीवर आधारलेला डेव्हिल्युशनएक्सच घ्यावा.

प्रतिसाद २:
अडखळण्याचे कारण बहुधा डीबग बिल्ड हेच आहे. त्यात मेमरीच्या चुका पकडणारे सॅनिटायझर चालू असतात आणि त्यांनी वेग बराच घटतो. जुने बिल्ड फोल्डर पुसून टाका, सीमेक या बिल्डच्या साधनाला ‘रिलीज’ (नेहमीच्या वापराचा) हा प्रकार सांगा आणि चाचण्यांचा पर्याय बंद ठेवा. नेटवर्कवर खेळायचे नसल्यास ‘नोनेट’ पर्याय चालू करावा, म्हणजे लिबसोडियम या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचीही गरज उरत नाही.

दुसऱ्या अडचणीबाबत सांगायचे, तर प्रोग्रामला स्वतःचे फॉन्ट आणि इतर साहित्यही लागते. बिल्डच्या वेळी ‘एसएमपीक्यू’ हे साधन उपलब्ध असेल तर ते साहित्य एका एमपीक्यू फाइलमध्ये बांधले जाते, नसेल तर ‘असेट्स’ फोल्डरमध्ये सुटे राहते. आपण फक्त प्रोग्राम हलवला असावा. शिवाय खेळाची चित्रे आणि आवाज सोर्स कोडमध्ये नसतात, त्यांवर हक्क कंपनीचाच आहे. म्हणून सीडीवरची ‘डायबडॅट’ ही एमपीक्यू फाइल होम फोल्डरमधील ‘डॉट लोकल’, ‘शेअर’, ‘डायसर्जिकल’, ‘डेव्हिल्युशन’ या क्रमाने आत जाऊन तेथे ठेवावी, आणि फाइलचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत लिहावे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. रिलीज बिल्ड केल्यावर खेळ अगदी सुरळीत चालतो आहे, आणि आपण म्हणता तसेच, असेट्स फोल्डर मागेच राहिले होते. सीडीवर ओरखडे असल्यामुळे डायबडॅटची प्रत अर्ध्यावरच थांबते, त्यामुळे तूर्त शेअरवेअरची (मोफत चाचणी आवृत्तीची) ‘स्पॉन’ फाइल वापरतो आहे. तिच्यात वॉरियर हे एकच पात्र मिळते. पूर्ण खेळाची फाइल मिळवण्याचा दुसरा रीतसर मार्ग आहे का?

प्रतिसाद २:
आहे. जीओजी या संकेतस्थळावर २०१९ पासून हा खेळ अधिकृतपणे विकत मिळतो आणि त्यातील डायबडॅट फाइल चालते.