मुलगा प्रार्थना पाठ म्हणतो पण मनापासून नाही, काय करू?

खानापूरची_आई
सलाम सगळ्यांना. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७. रोज रात्री जेवणं झाली की घरी प्रार्थना असते, सासूबाईंपासून चालत आलंय. पण मुलगा प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणतो आणि आमेन झालं की लगेच मोबाईल. परवा रागावले तर म्हणाला, मम्मी हे मी तुझ्यासाठी म्हणतो, देवासाठी नाही. रात्रभर झोप लागली नाही मला. शाळा इंग्लिश मीडियम, दोस्त कन्नड बोलणारे, चर्चमध्ये भक्ती अर्धी कन्नड अर्धी मराठी आणि घरात बायबल मराठी. संडे स्कूलला जातो, वचनं पाठ आहेत, बक्षिसं पण आणलीत, पण आत काय रुजतंय का तेच कळंना. सक्ती करू की सोडून देऊ?

अनगोळची_आज्जी
बाई, पोरगं खरं बोललं हे चांगलंच झालं की. लबाड असतं तर डोळे मिटून गप बसलं असतं. त्याला एकदा विचार, "आमची ऋणे आम्हांस सोड" म्हणजे काय. माझ्या नातवाला विचारलं तर त्याला ऋण हा शब्दच माहीत नव्हता, आणि रोज म्हणत होता! मग मी त्याला किराणा दुकानातली उधारीची वही दाखवली. म्हटलं, दुकानदारानं आपलं पान फाडून टाकलं तर कसं वाटंल? आणि आता सांग, तू कुणाचं पान फाडायचं ठेवलायस? बराच वेळ गप बसला, मग वर्गातल्या एका पोराचं नाव घेतलं. त्या रात्री ती ओळ हळू म्हटली त्यानं.

निपाणीकर_पप्पा
आज्जींचं पटलं, पण नुसता अर्थ समजावून भागत नाही, पोरं आपल्याकडे बघत असतात. तंबाखूच्या सीझनला मी फोनवर एका कामगाराला नको ते बोललो आणि तसाच येऊन प्रार्थनेला बसलो. मुलगी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं सहन झालं नाही मला. तिच्यासमोरच त्याला परत फोन लावून माफी मागितली. तेव्हापासून ती शाळेतल्या भांडणाचं आपणहून सांगते, मग बाईकवरच दोन शब्द प्रार्थना करतो आम्ही. बायबलातल्या अनुवाद पुस्तकात ६:७ मध्ये, देवाच्या गोष्टी पोरांशी घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना बोलत जा असंच आहे ना, जेवणानंतरची सभा भरवा असं कुठाय.

चिकोडी_संडेस्कूल
ताई, सोडू नका पण वेळ कमी करा, ५ मिनिटं पुरे. बक्षिसांचं म्हणाल तर चूक आम्हा शिकवणाऱ्यांची पण आहे, पाठांतर मोजता येतं म्हणून आम्ही तेच मोजतो. १ शमुवेल ३ वाचा परत. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्या याजक एलीच्या ध्यानात आलं की पोराला, लहान शमुवेलाला, देव हाक मारतोय, मग त्यानं एवढंच सांगितलं, जा झोप, आणि हाक आली तर बोल, तुझा दास ऐकत आहे असं म्हण. शमुवेलाच्या वतीनं स्वतः उत्तर दिलं नाही. आपण आईबाप मात्र पोरांच्या वतीनं स्वतःच उत्तर देतो. आणि भाषेचा हट्ट नको, त्याला कन्नड येऊ दे, इंग्लिश येऊ दे. पंडिता रमाबाई १९२२ साली वारल्या तोवर साध्या मराठीत बायबल आणायचं काम करत होत्या, ते बायाबापड्यांना कळावं म्हणूनच ना?

खानापूरची_आई
सगळ्यांचे आभार. काल पावसानं लाईट गेलेली, मोबाईलला चार्ज नाही. आधी मी त्याची माफी मागितली, परवा ओरडले त्याबद्दल. मग म्हटलं आज पाठ काही नको, तुला वाटलं तर बोल, नाहीतर गप बसू. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, सासूबाई पण. मग अर्धं कन्नड अर्धं मराठी करत त्यानं व्हॅनवाल्या अंकलच्या आईसाठी प्रार्थना केली, त्या दवाखान्यात आहेत म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. आज संध्याकाळी डबा घेऊन जायचं ठरलंय, तो पण येतो म्हणाला. आणि धाकटी सकाळपासून मागे लागलीय, आज रात्री माझा नंबर.