फर्स्ट इयरची ॲनाटॉमी : तुमचे अनुभव लिहा

कुंदा_नाशिक
भाचीला यंदा फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. काल रात्री फोनवर म्हणाली, "मावशी, किती हात धुतले तरी जेवताना फॉर्मलिनचा वास येतोच गं." ऐकलं आणि प्रेतं टिकवायच्या त्या रसायनाचा वास माझ्या नाकात परत आला. डोळे चुरचुरणारा, ॲप्रनला चिकटून घरापर्यंत येणारा.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदवाली. ॲनाटॉमीला, शरीररचनेला, आमच्याकडे रचना शारीर म्हणतात. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला प्रेताच्या टेबलाभोवती उभं केलं आणि आधी हात जोडायला लावले. म्हणाले, "याचं नाव तुम्हाला कधी कळणार नाही. पण वर्षभर हाच शिकवणार आहे." त्यानंतर वर्षभरात त्या हॉलमध्ये कुणी मोठ्यानं हसलेलं मला आठवत नाही.

त्याच सुमारास सुश्रुताच्या ग्रंथातला शरीररचनेचा भाग, शारीरस्थान, लागला. प्रेत मुंज गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत त्वचेपासून आतला एकेक थर डोळ्यांनी बघायचा. टिकवायला रसायन नव्हतं, तरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय शल्यविद्या शिकायची नाही हा आग्रह होता. मला आजही त्याचा फार अभिमान वाटतो. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास प्रश्न: चरकाची हाडं ३६०, सुश्रुताची ३००, आधुनिक २०६, असं का? तर दात, नखं, कूर्चा कोण धरतं आणि कोण नाही, त्यावर आकडा ठरतो.

मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), साधं बीएस्सी, काहीही असो. पहिल्या वर्षाबद्दल लिहा. भाचीला वाचून दाखवणार आहे.

सातपुडा
बोन सेट!! अभ्यासाला माणसाच्या हाडांचा संच. सीनियरकडून घेतला, गोणीत बांधून एसटीनं गावी नेला दिवाळीत. आजी म्हणाली घरात नको. गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. संध्याकाळी बघतो तर आजीनं गोणीसमोर दिवा लावलेला. म्हणाली, "कुणाचं तरी लेकरू असेल." रोज लावायची मग, मी परत जाईपर्यंत.

मिनू_आई
सातपुडा, डोळ्यात पाणी आलं. आजीला नमस्कार.

दादर_टीटी
फिब्युला, पायातलं बारीक हाड, हातात देऊन विचारायचे डावी का उजवी. एवढंच लिहितो. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

सातपुडा
@दादर_टीटी 😄😄 क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं हाड) ओळखायला परवडली. आतलं टोक जाड, बाहेरचं चपटं, खाली खोबण. संपलं.

रानवारा
मी जीएनएम, नर्सिंगचा डिप्लोमा. आम्हाला डिसेक्शन, म्हणजे विच्छेदन, नव्हतं, चार्ट आणि मॉडेल. पण आमच्या सिस्टर ट्यूटरनी एक गोष्ट अशी शिकवली की आजतागायत हात आपोआप तिथेच जातो. कमरेचं इंजेक्शन. मॉडेलवर खडूनं चार भाग पाडले, वरचा बाहेरचा सोडून बाकी तिन्हीवर फुली मारली. मग दुसऱ्या मॉडेलवर सायटिक नर्व्ह, पायाकडे जाणारी मोठी नस, कुठून खाली उतरते ते बोटानं दाखवलं. "इथे सुई गेली तर माणूस पाय ओढत चालेल, आणि ते तुमच्यामुळे." आता प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, नवीन मुली आल्या की मीही खडूच घेते. बाळांना मात्र मांडीतच, बाहेरच्या बाजूला, हेही लगेच सांगते. कुकर झाला, नंतर येते.

मिनू_आई
आमच्या वेळी बारावीला बेडूक आणि झुरळ असायचं. मुलगी आता बीएस्सीला, तिला सगळं संगणकावर. यूजीसीनं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राची विच्छेदनं बंदच केली ना. मला बरं वाटलं. बेडकाचं हृदय बाहेर काढल्यावरही धडधडत राहतं, ते बघून मी रात्रभर झोपले नव्हते.

दादर_टीटी
पण त्यामुळेच कळतं की हृदयाचा ठोका हृदयातच सुरू होतो, मेंदूनं हुकूम द्यावा लागत नाही. मी तिथेच फिजिऑलॉजीच्या प्रेमात पडलो.

मिनू_आई
ते व्हिडिओतही दिसतं हो दादा. बेडकाला जगू दे.

लॅबवाला_परळ
डीएमएलटी. पहिल्या वर्षी एकमेकांची बोटं टोचून रक्तगट काढायचे. अँटी ए, अँटी बी, अँटी डी या तपासणीच्या द्रावणांचे थेंब टाका, काडीनं ढवळा. कुठेच गुठळी नाही म्हणजे ओ, आम्ही लिहून मोकळे. मॅडम म्हणाल्या थांबा, आता उलट तपासणी करा, त्याच्या सिरममध्ये (पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवात) ओच्या पेशी टाकून बघा. का, तर बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ मध्ये मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला. अशा माणसाच्या पेशींवर ओच्या पेशींवर असतो तो एच अँटिजन (पेशीवरची खूण) नसतोच, म्हणून साध्या तपासणीत तो ओ दिसतो. पण त्याला ओ चढवलं तर जीव जाऊ शकतो, बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात साधारण १० हजारांत एक. जिथे हा शोध लागला त्याच परळमध्ये आज मी नोकरी करतो, त्यामुळे उलट तपासणी कधीच टाळत नाही. नवीन मुलांनीही टाळू नका, कितीही गर्दी असू दे.

प्राजक्त_ओहायो
माझं जरा वेगळं. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागे, आले, लेक शाळेत जायला लागल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. नर्सिंगला अर्ज करायचा तर ए अँड पी (ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी) वन, टू आणि मायक्रोबायॉलॉजी आधी लागतं. पहिल्या लॅबला पिशवीतून काय निघालं? मांजर. अख्खं. इथे स्नायू बऱ्याचदा मांजरावर शिकवतात. सांगलीला आमच्या घरी कायम मांजरं, मला हातच लावेना. पार्टनर होता रिटायर झालेला फायरमन. तो म्हणाला, तू नावं वाच, मी कापतो. पुढच्या आठवड्यात मी स्वतःच सुरी मागितली. आता हॉस्पिटलमध्ये आहे, त्याचं ख्रिसमसचं कार्ड अजून येतं.

रानवारा
प्राजक्त, छान गं! तिकडे मराठी पेशंट भेटतात का?

प्राजक्त_ओहायो
क्वचित. एक आजी होत्या, इंग्रजीत दुखणं सांगताना रडायच्या. मी "काय होतंय आजी" म्हटलं तर माझा हातच सोडेनात.

निळी_छत्री
विषय थोडा वेगळा, माफ करा. आईला देहदान करायचंय, वय ७८. भाऊ तयार नाही. काय करावं लागतं?

कुंदा_नाशिक
वेगळा कसा, हाच तर विषय. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो. पण खरी जबाबदारी मागे राहिलेल्यांची, फोन त्यांनीच करायचा असतो. म्हणून भावाशी आत्ताच बोला, आईसमोर. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. पोस्टमॉर्टेम झालं किंवा काही संसर्ग असले तर देह घेत नाहीत. नेत्रदान करूनही देहदान करता येतं, पण डोळे सहा तासांच्या आत.

निळी_छत्री
धन्यवाद ताई. सातपुडा यांच्या आजीचं भावाला वाचून दाखवते आधी.

दादर_टीटी
कुंदाताई, भाचीला सांगा ग्लोव्ह्ज डबल घाल, ॲप्रन वेगळा धू. आणि ब्रॅकियल प्लेक्सस, हाताच्या नसांचं जाळं, रोज न बघता कागदावर काढ, सी ५ ते टी १ या मणक्यातून निघणाऱ्या नसांपासून. फिजिओवाल्यांना तो चारही वर्षं सोडत नाही.

कुंदा_नाशिक
आत्ताच पाठवलं तिला. विचारतेय, फिब्युलाचं पण सांगा म्हणून.