कर्व्ह डिझेल की हायरायडर हायब्रिड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं वापरलेली हॅचबॅक आता काढायची आहे. रोज कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे बहुतेक वेळ पहिला-दुसरा गिअर. आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटाने चिपळूण.

टाटा कर्व्ह बघताक्षणी आवडली. मागे उतरतं छप्पर, ५०० लिटरची डिकी (आंब्याच्या पेट्यांचा प्रश्नच मिटला!), २०८ मिमी ग्राउंड क्लिअरन्स. १.५ लिटर डिझेलचा टॉर्क (खेचण्याची ताकद) २६० एनएम, त्यामुळे घाटात सारखे गिअर बदलावे लागणार नाहीत असं वाटतं. पण बाबा सहा फुटी. टेस्ट ड्राइव्हला मागे बसले तर डोकं छताला टेकायला आलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुसरीकडे टोयोटा हायरायडर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किमी, आणि ट्रॅफिकमध्ये बराच वेळ गाडी बॅटरीवरच चालते. मात्र त्याच बॅटरीने डिकी बरीच लहान केली आहे. तीन सिलिंडरचं इंजिन चढावर जरा ओरडतं, असं मला तरी जाणवलं.

ज्यांच्याकडे यातली कुठलीही गाडी आहे त्यांनी कृपया सांगा: घाटात चार माणसं आणि सामान घेऊन हायरायडर ओव्हरटेकला दमते का? कर्व्हची ऑटोमॅटिक, डीसीए (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सवाली, हिंजवडीच्या रांगेत झटके देते का? खड्ड्यांत मागच्या सीटवर कितपत आदळतं? आईची कंबर नाजूक आहे, म्हणून हे विशेष विचारतोय.